एक मशीद, दोन शिलालेख

सोमनाथाच्या दर्शनाला जाणारे बहुतेक यात्रेकरू वेरावळमार्गे प्रभासपाटणला जातात. खुद्द वेरावळमध्ये थांबण्याचे कारण सहसा कोणाला पडत नाही. वास्तविक या गावातील हर्षद मातेच्या मंदिरात असलेली एक शिळा मुद्दाम वाट वाकडी करून पाहण्यासारखी आहे. मंदिर देवीचे, लेखाची भाषा संस्कृत आणि विषय मात्र मशिदीच्या उभारणीचा! ही मशीद इ. स. १२६४ मध्ये बांधली गेली. गझनीच्या महमूदाने सोमनाथावर घाला घातला तो १०२६ च्या प्रारंभी. म्हणजे त्या घटनेला तेव्हा जेमतेम अडीचशे वर्षे होत आली होती.

मशीद बांधणारा नुरुद्दीन फिरूज हा इराणच्या आखातातील होर्मुझ बंदराचा नाखुदा, म्हणजे जहाजमालक व्यापारी होता. गुजरातेत त्या वेळी वाघेला राजा अर्जुनदेव याची सत्ता होती. सोमनाथनगराच्या बाहेरची जमीन फिरूजने राजकुल श्री छाडा यांच्याकडून गावातील प्रमुखांसमक्ष मिळविली. लेखात छाडा यांना फिरूजचा धर्मबांधव म्हटले आहे.

मशिदीचा खर्च कायमचा चालावा म्हणून फिरूजने उत्पन्नही लावून दिले. त्यासाठी त्याने एक तेलघाणा आणि दोन दुकाने घेतली, तसेच नगरातील बकुलेश्वर देवस्थानाच्या मालकीची जागा तेथील पाशुपत आचार्य त्रिपुरांतक आदी अधिकाऱ्यांकडून घेतली. दिवाबत्ती, पाणी, बांग देणारा आणि कुराण पढणारा यांचा खर्च या उत्पन्नातून भागवायचा होता. नाविकांच्या चालीप्रमाणे होणारे उत्सवही त्यातूनच साजरे करायचे होते. शिल्लक राहील ती रक्कम मक्का व मदिना येथे पाठवावी, असेही नमूद आहे. देखरेख स्थानिक मुसलमानांच्या जमातींकडे सोपविली होती. त्यांत नाविक होते, तसेच तेली आणि चुना लावणारे कारागीरही होते. थोडक्यात, हा लेख म्हणजे दगडावर कोरलेला नोंदणीकृत दस्तच आहे.

दस्त म्हटला की तारीख निःसंदिग्ध हवी. येथे ती एक नव्हे, चार कालगणनांत दिली आहे : हिजरी ६६२, विक्रम संवत १३२०, वलभी संवत ९४५ आणि सौराष्ट्रापुरता चालणारा सिंह संवत १५१. ज्याची जी वही असेल, त्याने त्या वहीत ताळा पाहावा, अशी ही सोय.

लेखकाची खरी कसोटी भाषेत लागली. इस्लामी कल्पनांसाठी संस्कृतात तयार शब्द नव्हते. लेखाचा आरंभ विश्वनाथाला वंदन करून होतो. ज्याला विश्व हेच रूप आणि शून्य हेही रूप आहे, अशा परमेश्वराला तो नमस्कार आहे. वाचणाऱ्याला त्यात शिव दिसावा आणि बांधणाऱ्याला अल्ला, अशी ही चतुर रचना म्हणावी लागेल. पैगंबरांना ‘बोधक’ म्हटले आहे आणि मशिदीसाठी ‘मिजिगिति’ असा शब्द घडविला आहे.

याच मशिदीचा दुसरा लेख अरबीत असून तो वेरावळच्याच एका मशिदीत आहे. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले की चित्र गुंतागुंतीचे होते. अरबी लेखात फिरूज आणि त्याच्या वडिलांना भारदस्त बिरुदे आहेत, पण जमिनीच्या व्यवहाराचा तपशील नाही, छाडा नाहीत, त्रिपुरांतकही नाहीत. उलट, सोमनाथ हे इस्लामचे एक नगर व्हावे, अशी त्यात प्रार्थना आहे. ही प्रार्थना गावच्या ज्या मंडळींच्या साक्षीने जमीन मिळाली, त्यांना वाचता येणारी नव्हती.

त्यामुळे केवळ संस्कृत लेख दाखवून निर्भेळ सलोख्याचा दाखला देणे किंवा केवळ अरबी लेख पुढे करून वैराचा पुरावा मांडणे, दोन्ही अर्धवट ठरते. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय आणि २००४ च्या आपल्या सोमनाथविषयक ग्रंथात रोमिला थापर यांनी या लेखांची दखल घेतली, तेव्हा ही चर्चा अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर पोहोचली. त्यापूर्वी मात्र हे जुळे वेगवेगळ्या दारी वाढले. संस्कृत लेख हुल्च यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे दिनेशचंद्र सरकार यांनी त्याचे नवे वाचन दिले. अरबी लेखाचे वाचन झियाउद्दीन देसाई यांनी १९६१ च्या सुमारास वेगळ्या पुरवणीत छापले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुराभिलेख विभागाची रचनाच तशी आहे. संस्कृत आणि द्राविडी भाषांतील लेख म्हैसूरकडे, तर अरबी-फारसी लेख नागपूरच्या शाखेकडे. भाषानिहाय तज्ज्ञ लागतात, त्यामुळे ही विभागणी समजण्याजोगी आहे. पण एकाच वास्तूचे दोन लेख तिच्यामुळे सहज दुरावतात. एक लाख प्राचीन लेखांच्या डिजिटायझेशनची योजना २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली. त्या सूचीत नोंद भाषेनुसार होते की वास्तूनुसार, यावर बरेच अवलंबून राहील.

अशी सरमिसळ गुजरातपुरती नाही. अलिबागजवळच्या नागाव येथील १३६७ च्या मराठी शिलालेखात शकाबरोबर हिजरी सनही दिलेला आहे.

जुळे लेख आजही एकाच छताखाली पाहायचे असतील, तर अहमदाबादच्या असारवा भागातील बाई हरीरची वाव गाठावी. महमूद बेगड्याच्या जनानखान्याची प्रमुख असलेल्या या बाईने ही पायविहीर १५ व्या शतकाच्या अखेरीस बांधली. तिच्या अरबी लेखात मशीद, कबर, फळबाग आणि विहीर यांचा उल्लेख आहे. संस्कृत लेख जलाधिपती वरुणाला वंदन करतो आणि चारी दिशांनी येणाऱ्या तहानलेल्या माणसांची, पशूंची, पक्ष्यांची, वृक्षांचीही आठवण ठेवतो. खर्चाचा आकडाही त्या संस्कृत लेखातच आहे : ३,२९,०००.