जीर्णोद्धार, शर्यतीच्या मोटारींचा

जुन्या शर्यती मोटारीला तिच्या काळातील रूप व क्षमता परत मिळवून देण्याचे काम. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स (स्थापना १९४४) बनवीत असलेल्या १,०८९ घ.सेंमी. एंजिनाच्या फियाट ११०० गाड्या फेरबदल करून चेन्नईजवळील शोलावरम धावपट्टीवर शर्यतींत उतरवल्या जात. अशा गाडीचे काम पुराव्यापासून सुरू होते : चासी व एंजिन क्रमांक, जुनी छायाचित्रे, शर्यतींच्या नोंदी. जोड कार्बुरेटर, शर्यतीचा कॅमशाफ्ट, जवळच्या गुणोत्तरांचे गिअर हे त्या काळचे सुटे भाग दुर्मिळ असतात. मॅग्नेशियमची चाके गंजतात, त्यांना बारीक तडे जातात. म्हणून वापरापूर्वी भेदक रंगद्रवाने तपासणी आवश्यक ठरते. मूळ भाग न मिळाल्यास मोजमापे घेऊन नवा घडवतात. त्यावर तशी खूण व कामाची लेखी नोंद ठेवणे हे प्रामाणिक जीर्णोद्धाराचे लक्षण होय. फिवा या ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरीन सनदेत हीच भूमिका आहे. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील मोटारींची ‘व्हीए’ अक्षरांसह स्वतंत्र नोंदणी होते. ती दहा वर्षे वैध असते.