मलंगगडाची नाळ

आम्ही कल्याणकर. बर्फाशी आमचा संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता. त्यामुळे "बाबा, मी हिमालयात बर्फाची नाळ चढायला जातेय," असं कन्येनं भर जेवणात जाहीर केलं, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

नाळ म्हणजे दोन कड्यांमधली उभी, चिंचोळी घळ. ही म्हणे मध्यरात्री उठून चढायची.

"का? दिवसा बंद असते?"

"ऊन लागलं की बर्फ सैल होतो, वरचे दगड सुटतात." हे तिनं आमटी वाढून घेत सांगितलं.

घाबरलेला मध्यमवर्गीय माणूस वाचनालय गाठतो. आमचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालापासून अशांना आसरा देत आलं आहे. तिथे मला कॅप्टन ॲबिंग्टन भेटला.

१७८० साली पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी कल्याण घेतलं आणि दक्षिणेला दिसणारा मलंगगड त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. ॲबिंग्टन निघाला ऑगस्टात! कल्याणचा ऑगस्ट काय असतो, हे त्याला कोणीही सांगितलं असतं. पण विचारलं तर तो साहेब कसला? तरी पठ्ठ्याने खालचा किल्ला अचानक छापा घालून घेतला. शिबंदी वर बालेकिल्ल्यात गेली आणि तिथे इतिहास अडला. वर जायला कड्यात खोदलेला चिंचोळा, उभा जिना. एका वेळी एकच माणूस चढणार, आणि त्याचं स्वागत करायला वर सगळे मोकळे! तेवढ्यात पायथ्याला मराठ्यांची फौज आली. वर मराठे, खाली मराठे, मध्ये साहेब. ऑक्टोबरच्या आरंभी कर्नल हार्टले आला, तेव्हा कुठे सुटका झाली. बालेकिल्ला काही हाती लागला नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर कल्याणही परत द्यावं लागलं.

एव्हरेस्टच्या उत्तर अंगालाही अशीच एक नाळ आहे. १९२४ साली नॉर्टन नावाचा साहेब प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय त्या नाळेत २८,१२६ फुटांवर पोचला. शिखर हजारेक फुटांवर राहिलं होतं. तो परत फिरला. पुढे १९८० च्या ऑगस्टात, म्हणजे ॲबिंग्टननंतर बरोबर दोनशे वर्षांनी, राइनहोल्ड मेसनर त्याच नाळेतून एकटा शिखरावर गेला, तोही प्राणवायूशिवाय. पण नाळेला नाव आहे नॉर्टनचं. परत फिरलेल्याचं! हे वाचून मला इतका आनंद झाला, की शेजारच्या वृत्तपत्रवाचकाने पान मिटून माझ्याकडे पाहिलं.

आनंदाला कारण होतं. कॉलेजात असताना मीही मलंगगड चढलो होतो. बालेकिल्ल्याच्या वाटेवर पायऱ्या तुटल्या होत्या, तिथे दरीवर लोखंडी पाइप टाकलेला होता. मित्र त्यावरून गेले. मी पाइपाला हात लावला, खाली पाहिलं आणि सगळ्यांच्या चपला सांभाळायचं महत्त्वाचं काम पत्करलं. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं.

निघायच्या रात्री कल्याण स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मी तिला सगळं सांगून टाकलं. ॲबिंग्टन, नॉर्टन, पाइप, चपला. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"म्हणजे परत फिरले तर चालेल तुम्हाला?"

"धावेल," मी म्हटलं.

तेवढ्यात गाडी आली. तिची पाठपिशवी मी उचलायला गेलो, पण जागची हलली नाही. शेवटी तिनंच ती उचलली आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.