अपत्यताबा आणि न्यायालयाचा अवमान

अपत्यताबा आणि न्यायालयाचा अवमान : घटस्फोटाच्या अथवा पालकत्वाच्या दाव्यात मुलाचा ताबा, भेट, सुट्टीतला मुक्काम, पारपत्र अशा बाबींवर न्यायालयाने दिलेला आदेश आईने किंवा वडिलांनी जाणूनबुजून मोडला, अथवा न्यायालयाला दिलेली हमी पाळली नाही, तर तो दिवाणी स्वरूपाचा अवमान ठरतो. भारतात त्याची व्याख्या न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ याच्या दुसऱ्या कलमात आहे. शिक्षा बाराव्या कलमात : सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. न्यायालयाचे समाधान होईल अशी माफी मागितली तर शिक्षा टळते, आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

इतर दिवाणी अवमानांपासून हा प्रकार वेगळा पडतो तो एका कारणाने. भिंत पाडू नका, गाळा रिकामा करा, पैसे भरा, असे आदेश ज्या वस्तूविषयी असतात ती वस्तू काही बोलत नाही. इथे आदेश ज्याच्याविषयी असतो ते मूल बोलते, रडते, ‘मला नाही जायचं’ म्हणून दारामागे लपते. मग आदेश मोडला कोणी, हा एरवीचा सोपा प्रश्न अवघड होऊन बसतो.

‘ताबा’ हा शब्दही मुळात जमीनजुमल्याच्या दाव्यांत वावरणारा, आणि मुलांच्या बाबतीत तो वापरताना पक्षकारांच्या मनातून मालकीची कल्पना सहसा जात नाही. मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सुनावले आहे. इंग्लंडच्या १९८९ च्या बालक कायद्यात ‘पालकाची जबाबदारी’ हीच मूळ संज्ञा आहे. भारतीय कायदे अजून पालकत्व आणि ताबा याच भाषेत बोलतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असा क्रम आहे. या ‘नंतर’चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असाच नाही, त्यांच्या गैरहजेरीतही आई पालक असते, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये केला. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ राहावे, हेही त्याच कलमात आहे. आणि तेराव्या कलमाने या सगळ्याच्या वर मुलाचे हित ठेवले आहे.

आदेश येतात ते मुख्यतः कौटुंबिक न्यायालयांतून. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याचे कलम २६ आणि पालक व पाल्य अधिनियम, १८९० हे त्यांचे नेहमीचे आधार. परस्परसंमतीच्या घटस्फोटात वेळापत्रक संमतीच्या अटींत लिहिलेले असते : दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी अकरा ते पाच, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी, वाढदिवशी दोन तास. भेट कुठे, हेही लिहावे लागते. मुंबईत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी वेगळे दालन आहे. ज्या जोडप्यांना एकमेकांच्या दारात उभे राहणेही नको असते त्यांच्या मुलांच्या भेटी तिथे होतात. अवमानाच्या दृष्टीने लेखनातला काटेकोरपणा फार महत्त्वाचा. ‘वडिलांना वाजवी भेट मिळेल’ एवढेच लिहिलेल्या आदेशावर अवमान सिद्ध करणे जवळजवळ अशक्य, कारण दुहेरी अर्थ निघणाऱ्या आदेशाचा फायदा ज्याच्यावर आरोप आहे त्याला मिळतो. घटस्फोट एकदाचा पदरात पाडून घेण्याच्या घाईत अटी मोघम ठेवणारे वकील पुढच्या पाच वर्षांच्या तारखांची सोय करून ठेवतात.

अवमानाला हेतू लागतो. मूल तापाने फणफणले, परीक्षा होती, गाडी चुकली, यांतून अवमान होत नाही. दर शनिवारी ताप येऊ लागला की न्यायाधीशांना संशय येतो. खरा पेच ‘मूलच यायला तयार नाही’ या उत्तराचा. या पेचाला सर्वांत सरळ उत्तर सापडते ते १८९० च्या कायद्यात. पंचविसाव्या कलमाखाली मूल पालकाकडे परत पाठवण्याचा आदेश झाला असेल, तर ते ज्याच्याजवळ आहे त्याने ते परत जावे यासाठी आपल्याकडून होईल तेवढी पराकाष्ठा केली पाहिजे. ती केली नाही तर पंचेचाळिसाव्या कलमाने शिक्षा. म्हणजे कायदा मुलाच्या होकाराची हमी मागत नाही, मोठ्या माणसाच्या प्रयत्नांचा हिशेब मागतो. बॅग भरून ठेवली होती का, शाळेत आधी कळवले होते का, ‘जा, बाबा वाट बघताहेत’ असे तोंडाने म्हटले का, की दार उघडून ‘बघा, विचारा तिलाच’ एवढेच केले? पालकाची जबाबदारी म्हणतात ती इथे मोजता येते. एका पालकाने दुसऱ्याविषयी मुलाचे मन कलुषित करणे, हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात नोंदवला आहे. मात्र प्रत्येक नकारामागे शिकवणूकच असते असे धरून चालणेही घातक. काही मुलांना भीती वाटण्याजोगे घडलेले असते. म्हणून न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात आणि विवाह समुपदेशकांचा अहवाल मागवतात.

त्याच पंचेचाळिसाव्या कलमातला दंड वाचण्यासारखा आहे : शंभर रुपयांपर्यंत, त्यानंतर हट्ट चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला दहा रुपयांपर्यंत, पण एकूण पाचशेच्या वर नाही. १८९० मध्ये ही रक्कम जबर होती. आज तेवढ्यात वकिलाच्या झेरॉक्सचे पैसेही सुटत नाहीत. धाक उरला आहे तो दिवाणी तुरुंगाचा.

अवमानाची दाद सहसा उच्च न्यायालयात मागावी लागते, कारण कनिष्ठ न्यायालयांच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार १९७१ च्या अधिनियमाच्या दहाव्या कलमाने त्याला आहे. चंद्रपूरच्या बापाने त्यासाठी नागपूर गाठायचे, लातूरच्या आईने छत्रपती संभाजीनगर. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘अंमलबजावणीची दरखास्त केली का?’ कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ याच्या अठराव्या कलमाने तिथले आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखे अमलात आणता येतात, आणि अवमान हा दरखास्तीला पर्याय नव्हे, असे वरिष्ठ न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. मूल परगावी हलवू नये असा मनाई हुकूम मोडला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २-अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. अवमानासाठी मुदत एक वर्षाची आहे. दरखास्तीच्या तारखा पडत राहतात आणि ते वर्ष कधी सरते ते कळत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात मात्र तेवढ्या काळात वडिलांचा चेहरा पुसट होतो.

पोटगी आणि भेट यांची गाठ पक्षकार मारतात, कायदा मारत नाही. ‘पैसे नाहीत तर मूल नाही’ आणि ‘मूल नाही तर पैसे नाहीत’ ही दोन्ही उत्तरे सारखीच चुकीची. थकलेल्या पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात वेगळी कैद आहे. भेट हा मुलाचाही हक्क आहे. दोन्ही पालकांचे प्रेम मिळणे हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले, आणि ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे, असेही सुचवले. व्हिडिओ कॉलची वेळ आदेशांत लिहिली जाऊ लागली, आणि ‘रेंज नव्हती’ ही नवी सबब जन्माला आली.

मूल परदेशी नेले की सगळे गुंते एकदम वाढतात. आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली होती. कराराचा आधार नसल्याने न्यायालयाच्या हाती उरते ते हमीपत्र आणि ते मोडल्यास अवमान. केनियात राहणाऱ्या एका वडिलांना सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मुलगा तिकडे नेण्याची परवानगी दिली. अट अशी, की तिथल्या न्यायालयाकडून याच आदेशाचे प्रतिबिंब ठरेल असा आदेश आधी मिळवायचा. त्यात फसवणूक झाल्याचे दिसल्यावर २०२१ मध्ये परवानगी मागे घेतली गेली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना दिवाणी व फौजदारी अवमानाबद्दल एकूण एक वर्ष कारावास आणि पंचवीस लाख रुपये दंड झाला. मे २०२३ मध्ये दुसऱ्या एका वडिलांना सहा महिने आणि पंचवीस लाख. त्यांनी सुट्टीसाठी नेलेला मुलगा ठरलेल्या दिवशी भारतात परत आणला नव्हता. दोन हजारांची मर्यादा इथे आड आली नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाचा हा अधिकार थेट संविधानाच्या १२९ व्या अनुच्छेदातून येतो. पण आईला हवा होता तो मुलगा, दंड नव्हे.

देशातल्या देशात मूल उचलून नेणे हा गुन्हा होतोच असे नाही. तीन वर्षांच्या मुलाला आईकडून नेणाऱ्या वडिलांवरचा अपहरणाचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. नैसर्गिक पालकाला अपहरणाचा आरोपी करता येत नाही, न्यायालयाने मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ताब्याचा आदेश वेळेवर मिळवण्याला एवढे महत्त्व.

लहान मुलाच्या आईला तुरुंगात धाडायला कोणत्याही न्यायाधीशाचा हात सहजी धजत नाही, आणि वडिलांना धाडले तर पोटगी बुडते. इंग्लंडने २००६ च्या कायद्याने यातून वाट काढली : भेटीचा आदेश मोडणाऱ्याला चाळीस ते दोनशे तास विनावेतन समाजकार्य लावता येते. आपल्याकडे असे काही नाही. इथले खरे हत्यार आदेशात बदल करण्याचे आहे. ताब्याचे आदेश कायमचे नसतात. भेट सतत अडवणाऱ्याकडून ताबाच काढून दुसऱ्याला देता येतो. नुसती तशी तंबी मिळाली तरी त्या शनिवारी मूल वेळेवर येते. मूल अठरा वर्षांचे झाले की आदेशच संपतो, आणि कोणाकडे जायचे हे मग त्याचे तेच ठरवते.