पदभार हस्तांतर (हवाई दल)

हवाई दलातील स्क्वाड्रन, तळ, कमांड किंवा संपूर्ण दलाची सूत्रे एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना होणारा औपचारिक समारंभ. नेतृत्वाची जागा क्षणभरही रिकामी राहू नये आणि यापुढे हुकूम कोणाचा, हे हाताखालच्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहावे, हा त्यामागचा हेतू.

अमेरिकी हवाई दलात हे काम निशाण करते. मावळता अधिकारी स्क्वाड्रनचे निशाण थेट उत्तराधिकाऱ्याला देत नाही. समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेल्या वरिष्ठाकडे तो ते सोपवतो आणि वरिष्ठ ते नव्याच्या हाती देतो. अधिकार वरून मिळतो व वरच परत जातो, ही गोष्ट एरवी नियमपुस्तकातच राहिली असती. येथे ती रांगेतल्या शेवटच्या जवानालाही कळते. जाणाऱ्याला तुकडीची शेवटची सलामी आणि येणाऱ्याला पहिली, एवढ्यावर समारंभ आटोपतो. भाषणे आखूड असावीत असा संकेत आहे. तो नेहमी पाळला जातोच असे नाही.

भारतीय हवाई दलात तळावरील हस्तांतराला संचलन व मानवंदनेची जोड असते. दलप्रमुख बदलताना दिल्लीत वायुभवनात मानवंदना होते, राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते. हे स्मारक 2019 मध्ये खुले झाले. त्याआधी हा मान इंडिया गेटच्या अमर जवान ज्योतीला होता. अधिकाऱ्यांच्या पत्नींनाही या दिवशी निरोप असतो, कारण दलाच्या कुटुंब कल्याण संघटनेचे अध्यक्षपद रिवाजाने प्रमुखांच्या पत्नीकडे जाते.

प्रमुखपदाची मुदत तीन वर्षे किंवा वयाची 62 वर्षे, यांपैकी जे आधी घडेल तितकी. त्यामुळे निरोपाची तारीख आधीच ठाऊक असते आणि ती सहसा महिनाअखेरची येते. नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे विवेक राम चौधरी यांनी 30 सप्टेंबर 2021 रोजी राकेशकुमार सिंह भदौरिया यांच्याकडून सूत्रे घेतली आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी ती अमरप्रीत सिंग यांच्याकडे दिली.

मावळता प्रमुखच हयात नसेल तर ही सारी रीत अर्धी राहते. सुब्रोतो मुखर्जी यांचे 8 नोव्हेंबर 1960 रोजी टोकियोत निधन झाले आणि 1 डिसेंबरला अॅस्पी इंजिनिअर प्रमुख झाले. लक्ष्मण माधव कात्रे 1 जुलै 1985 रोजी पदावर असतानाच वारले. डेनिस ला फॉन्टेन यांनी 3 जुलैला पदभार घेतला.