एटीएमवरील जाहिराती का रुजल्या नाहीत?

बँकेऐवजी खासगी कंपनीच्या मालकीच्या एटीएमला ‘व्हाइट लेबल एटीएम’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये त्यास मुभा दिली. देशातील असे पहिले केंद्र टाटा समूहाच्या ‘इंडिकॅश’ने जून २०१३ मध्ये चंद्रपाडा येथे उघडले. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेले हे गाव १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

रोख व्यवहारामागे ग्राहकाच्या बँकेकडून मिळणारे शुल्क हे अशा कंपनीचे मुख्य उत्पन्न. ते जुलै २०२१ पर्यंत १५ रुपये होते. ऑगस्ट २०२१ पासून १७, तर मे २०२५ पासून १९ रुपये झाले. जोडीला जाहिरातींची मुभा मिळाली. मात्र व्यवहार सुरू होताच पडद्यावरील जाहिरात नाहीशी व्हावी, असे बंधन घालण्यात आले. म्हणजे ग्राहकाची नजर पडद्यावर खिळते, नेमकी तेव्हाच जाहिरात दिसत नाही. शिवाय पैसे काढणाऱ्याचे लक्ष सांकेतिक क्रमांक जपण्याकडे असते.

जाहिरातदार वर्दळ पाहतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची कर्मभूमी असलेल्या डहाणू तालुक्यातील गंजाडसारख्या भागात वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली असते. व्यवहार थोडे, म्हणून शुल्क थोडे; प्रेक्षक थोडे, म्हणून जाहिरातीही थोड्या. जेथे जोडउत्पन्नाची निकड अधिक, तेथेच ते दुर्मीळ ठरते.

मार्च २०१९ मध्ये मुख्य फलक वगळता केंद्राच्या आवारात सर्वत्र बिगरवित्तीय जाहिरातींना परवानगी मिळाली. तोवर शहरी ग्राहक यूपीआयकडे वळू लागला होता. खेड्यातील यंत्र मात्र परवडेनासे होऊन बंद पडले, तर रोख रकमेसाठी तालुक्याचे ठिकाण गाठण्याची वेळ गावकऱ्यावर येऊ शकते.