झोळी आणि जाळी

पिकदाणीत पीक असतं, अत्तरदाणीत अत्तर, चहादाणीत चहा. मग मच्छरदाणीत काय असायला हवं? 'दाणी' म्हणजे एखादी वस्तू ठेवायचं भांडं, मूळ फारसी. शब्दाचा सरळ अर्थ घ्यायचा तर मच्छरदाणी ही मच्छर साठवायची जागा! त्यातून आपण एरवी 'डास चावला' म्हणतो, पण जाळी लावायची वेळ आली की 'मच्छर' आठवतो. डासदाणी कोणी म्हणत नाही. संस्कृत शब्द मात्र चोख आहे: मशकहरी, डास दूर करणारी. हिंदीतली मसहरी आणि बंगालीतली मोशारी त्याच घरातल्या.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझा भाचा. झाडांच्या नोंदी करायच्या कामावर तो चार महिने गडचिरोलीच्या जंगलात जाणार. मानधन बेताचं. "मावशी, स्वस्तातला हॅमॉक कुठला घेऊ सांग ना. आणि उरलेल्या पैशांत एखादी जाळी," असं त्याचं म्हणणं. आता महाराष्ट्रात हिवताप म्हटलं की पहिलं नाव गडचिरोलीचं येतं, आणि हा पठ्ठ्या जाळी घेणार उरलेल्या पैशांत! मी त्याला म्हटलं, उलट कर. आधी जाळी घे, उरलेल्या पैशांत झोळी. त्याला पटेना. मग मी हिरोडोटसला मदतीला बोलावलं.

हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. इजिप्तबद्दल त्याने पुष्कळ लिहून ठेवलंय, त्यातलं थोडं ऐकीव, थोडं भन्नाट. पण दलदलीच्या प्रदेशातल्या कोळ्यांबद्दलची त्याची नोंद फार नेमकी आहे. तो सांगतो की हे लोक दिवसा ज्या जाळ्याने मासे पकडतात तेच रात्री बिछान्याभोवती लावतात आणि आत शिरून झोपतात. अंगावर वस्त्र किंवा तागाचं कापड गुंडाळून झोपलं तर डास त्यातून चावतात, जाळ्यातून मात्र चावायचा प्रयत्नही करत नाहीत.

मासे धरायच्या जाळ्याने डास कसे अडले असतील, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. माझा अंदाज असा, की जाळं बारीक माशांचं असणार किंवा घड्या घालून लावत असणार. असो. खरी मेख दुसऱ्या वाक्यात आहे. अंगाला चिकटलेल्या कापडातून डास चावतो. जाळी वाचवते ती अंगापासून लांब असते म्हणून. हॅमॉक घेणाऱ्याला कळायला हवी ती गोष्ट हीच, आणि ती अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून झालेली आहे. हॅमॉकमध्ये आपण पाठीने कापडाला घट्ट चिकटून असतो. वरून कितीही झकास जाळी लावा, खालून पाठ आणि मांड्या डासांना मोकळ्याच.

आता झोळीकडे येऊ. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोचला, तेव्हा तिथल्या ताइनो लोकांच्या घरांत त्याला सुती जाळ्यांसारखे टांगलेले बिछाने दिसले. 'हमाका' हा त्यांचाच शब्द, तो स्पॅनिशमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत 'हॅमॉक' झाला. डच लोकांनी तर त्याचं 'हांगमाट' केलं, म्हणजे टांगलेली चटई. आपण 'गिलास' केलं तसंच! पुढे १५०० साली पोर्तुगीज ब्राझीलला पोचले. त्यांच्यातल्या पेरो वाझ द कामिन्या याने राजाला लांबलचक पत्र लिहिलं, त्यात या बिछान्याला तो 'रेदे' म्हणतो. रेदे म्हणजे मासे धरायचं जाळं. ब्राझीलमध्ये आजही हॅमॉकला हाच शब्द आहे. इजिप्तचा कोळी जाळं भोवती लावून झोपायचा, ब्राझीलचा माणूस जणू जाळ्यातच झोपायचा.

कामिन्याने आणखी एक गोष्ट टिपली आहे. ते लोक ऊब मिळावी म्हणून बिछान्याच्या खाली शेकोटी पेटवत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हॅमॉकची दुखरी बाजू खालची आहे, हे ज्यांनी तो बनवला त्यांना पक्कं माहीत होतं. खालून वारा लागून पाठ गारठते, खालूनच डास चावतात. शेकोटीने ऊब मिळे, आणि धुराने डासही पळत असणार. युरोपने झोळी तेवढी उचलली, शेकोटी तिथेच राहिली.

तसं युरोपला ती हवी होती जहाजांसाठी. इंग्रजांच्या आरमाराने १५९७ मध्ये ती स्वीकारली. लढाऊ जहाजावर माणशी १४ इंच रुंदीची जागा. (निम्मे लोक पहाऱ्यावर असत म्हणून बरं.) सकाळी झोळ्या घट्ट गुंडाळून डेकच्या कडेला रचत, लढाईत गोळ्या आणि लाकडाच्या चिपा अडवायला त्यांचा आडोसा होई. आणि खलाशी मेला तर त्याच झोळीत शिवून समुद्रात सोडत. इतकं स्वस्त आणि इतक्या कामाचं अंथरूण दुसरं नसेल. पण भर समुद्रात डास नाहीत, त्यामुळे जाळीचा विचार करायची तिथे गरजच नव्हती.

जाळी बराच काळ महागच होती. विरळ, तरी धागे न सरकणारं कापड हाताने विणणं म्हणजे चिकाटीचं काम. हे बदललं इंग्लंडच्या जॉन हीथकोटने. षटकोनी छिद्रांची जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याने १८०९ मध्ये घेतलं. १८१६ मध्ये लफबरोच्या त्याच्या कारखान्यावर लडाइट लोकांनी हल्ला करून ५५ यंत्रं फोडली, तेव्हा तो डेव्हनमधल्या टिव्हर्टनला निघून गेला. १८२३ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि नॉटिंगहॅम भागात जो तो ही यंत्रं बसवायच्या मागे लागला. जाळी स्वस्त झाली ती यामुळे. हीथकोटच्या डोक्यात डास नव्हते, लेस होती. पण गरम देशांत झोपणाऱ्यांचं भलं त्याने करून ठेवलं. यंत्रं फोडणाऱ्यांच्या पोटाचं काय झालं, तो इतिहास वेगळा.

झोळी आणि जाळी एकत्र शिवून मोठ्या प्रमाणावर आली ती दुसऱ्या महायुद्धात, पॅसिफिकमधल्या अमेरिकन सैनिकांसाठी. वर रबर चढवलेल्या कापडाचं छप्पर, बाजूला जाळी. पाऊस, डास, साप सगळ्यांचा बंदोबस्त. फक्त शत्रू रात्री गोटात शिरला तर आतून पटकन बाहेर पडता येत नसे, म्हणून पुष्कळांनी जमिनीतला खड्डाच पसंत केला.

भाच्याला मी एवढं सांगितलं: झोळी साधी नायलॉनची चालेल, पण तिचा तळ दुहेरी हवा, म्हणजे दोन थरांत फोमची चटई सरकवता येते. पाठीला ऊब, आणि डासाची सोंड कापडाशीच अडते. किंवा मग जाळी अशी घे की जी झोळीला खालूनही सगळीकडून वेढेल आणि कुठेच तिला टेकणार नाही. वर एक दोरी ताणून तिच्यावर जाळी टांगायची, नाहीतर ती नाकावर येते. डासांसाठी चौरस इंचाला १५६ छिद्रांची जाळी पुरते. वाळूमाशी त्यातून आत येते, तिच्यासाठी आणखी बारीक लागते. झाडाला दोरीऐवजी रुंद पट्टा बांधायचा, साल कापली जात नाही. आणि चेन शाबूत आहे का, हे दुकानातच दहा वेळा उघडझाप करून बघायचं.

शिवाय आत शिरल्यावर बॅटरी लावून चारी कोपरे बघायचे. कारण एक डास आत राहिला तर रात्रभर तो आणि आपण! १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने नेमकं हेच मुद्दाम केलं होतं. हिवतापाचा रोगी मच्छरदाणीत झोपवायचा आणि डास आत सोडायचे. हुसेन खान नावाच्या रोग्याला दर डासामागे एक आणा मिळाला, दहा डासांचे दहा आणे. त्यांतल्याच एका डासाच्या जठरात २० ऑगस्टला रॉसला हिवतापाचे जंतू दिसले, आणि १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मच्छरदाणीत मच्छर ठेवणारा माणूस शेवटी सापडला तो असा.