कच्चे मडके आणि कॅमेऱ्याची रॉ फाईल

तेरचे नाव काढले की लोकांना आधी गोरोबाकाका आठवतात. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे हातात घेतले, जमलेल्या संतांची डोकी एकेक करून थापटली आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निकाल दिला, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. नामदेव रुसले, हेही ऐकले आहे. पण कुंभाराच्या घरी 'कच्चे' म्हणजे 'वाईट' नव्हे. कच्च्या मातीला अजून आकार देता येतो. एकदा भट्टीतून निघालेले मडके मात्र पुन्हा चाकावर चढत नाही.

कॅमेऱ्यातल्या 'रॉ' फाईलबद्दल वाचताना मला हेच थापटणे आठवले. रॉ म्हणजे कच्चे. आणि बहुतेकांची तक्रारही तीच, की रॉ फोटो उघडला तर मऊ, फिका दिसतो. त्यापेक्षा कॅमेऱ्याने तयार करून दिलेला जेपेग छान, रेखीव! मग कच्चे कशाला सांभाळायचे? या प्रश्नाचे उत्तर आमच्या तेरच्याच इतिहासात सापडते, म्हणून हा लेख.

तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर असून तिथून कापड भडोच बंदराकडे जाते, असे सांगितले आहे. त्या सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या (केओलिनच्या) मूर्ती तेरला मिळाल्या. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्याच नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आज गावात आहे. या मूर्ती दुहेरी साच्यातल्या. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, आणि दोन्ही जोडून आतून पोकळ मूर्ती.

आता साच्याचा एक गुण बघा. मूळ नमुना कोरला, त्यावरून साचा काढला, साच्यातून मूर्ती काढली. इथवर ठीक. पण त्या मूर्तीवरून पुन्हा साचा काढला, तर बांगड्यांच्या रेषा बुजू लागतात, केसांची वेणी सपाट होते. रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदके दख्खनमध्ये बऱ्याच ठिकाणी मिळाली आहेत. अशा नकलांमध्ये सम्राटाचा चेहरा ओबडधोबड होतो आणि अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या राहतात. कारागीर अडाणी होता असे नाही. त्याच्यासमोर मूळ नव्हते, नक्कल होती. नकलेत जे नाही ते पुढच्या नकलेत कुठून येणार?

दुसरी गोष्ट जॉन फेथफुल फ्लीट यांची. तगर म्हणजे तेरच, हे या शिलालेखतज्ज्ञाने १९०१ मध्ये मांडले. सर्वेक्षण खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी पुढे १९०२-०३ च्या अहवालात तेरवर सविस्तर लिहिले. फ्लीट यांच्या आधीच्या काळात अनेक लेखांच्या प्रती डोळ्याने बघून हाताने उतरवलेल्या असत. उतरवणाऱ्याला जे अक्षर वाटे, तेच कागदावर येई! फ्लीट यांचा भर थेट ठशावर होता. दगड धुवायचा, ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वर शाईचा बोळा फिरवायचा. खोलगट अक्षरे पांढरी राहतात. ठसा अस्पष्ट आला तरी चालेल, पण त्यावर हात फिरवायचा नाही. कारण अस्पष्ट अक्षर उद्या कुणीतरी वाचू शकेल. चुकीचे गिरवलेले अक्षर मात्र सगळ्यांची दिशाभूल करील.

रॉ फाईल म्हणजे असा हात न फिरवलेला ठसा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक घरे असतात आणि प्रत्येक घर एकच रंग मोजते. निम्मी घरे हिरवा, पाव लाल, पाव निळा. ही मांडणी कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चे. उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून अंदाजाने भरावे लागतात. त्या अंदाजात कडा थोड्या मऊ होतात. शिवाय कित्येक कॅमेऱ्यांत, बारीक नक्षीवर खोटे पट्टे उमटू नयेत म्हणून, सेन्सरपुढे प्रकाश किंचित पसरवणारी काच बसवलेली असते. म्हणजे रॉ मऊ दिसणे हा बिघाड नव्हे. तपशील आत असतो, अजून वर काढलेला नसतो.

जेपेगमध्ये हे सगळे काम कॅमेरा परस्पर उरकतो आणि कच्चा माल टाकून देतो. रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या ४०९६ किंवा १६३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये फक्त २५६. वर चित्राचे आठ बाय आठचे तुकडे करून बारीक तपशील छाटला जातो. तेच जेपेग दुरुस्त करून पुन्हा पुन्हा साठवले, की साच्यावरून साचा!

मग रॉचे रूपांतर कसे करावे? मी शिकलो ते असे. आधी रंग आणि उजेड ठीक करावा. मग अगदी हलके शार्पनिंग, फक्त सेन्सरने आणलेला मऊपणा जाईल इतकेच. ही प्रत सोळा बिटच्या टिफमध्ये ठेवावी. छपाईसाठी किंवा पडद्यासाठी आकार बदलायचा असेल तर आधी बदलावा, आणि त्या आकाराला साजेसे शेवटचे शार्पनिंग नंतर करावे. जेपेग सर्वांत शेवटी, एकदाच. आणि मूळ रॉ जपून ठेवावी.

शार्पनिंगबद्दल एक गैरसमज आहे. त्याने नवा तपशील येत नाही. 'अनशार्प मास्क' हे नाव डार्करूममधले. निगेटिव्हवरून मुद्दाम थोडी धूसर पॉझिटिव्ह प्रत काढायची आणि दोन्ही एकावर एक ठेवून छपाई करायची. त्याने कडेचा फरक वाढतो आणि डोळ्याला धार जाणवते. संगणक तेच गणिताने करतो. अति केले, की प्रत्येक कडेला पांढरी किनार येते आणि किनारीखाली खरी रेघ गडप होते.

हे सगळे मी हौसेने शिकलेलो नाही, हे नातेवाईक मंडळींनी ओळखले असेलच. आमच्या आजोळचा वाडा पाडण्याआधी शहरातल्या एका स्टुडिओला फोटो काढायला सांगितले होते. दरवाजाच्या गणेशपट्टीखाली लाकडात शक कोरलेला होता. स्टुडिओने झकपक जेपेग दिले आणि जागा अडते म्हणून रॉ पुसून टाकल्या. आता फोटोत शक वाचायला जावे, तर तिसऱ्या आकड्याला पांढरी किनार! शके १७१४ की १७९४? म्हणजे वाडा १७९२ च्या सुमाराचा, खर्ड्याच्या लढाईच्या आधीचा? की १८७२ चा, धाराशिवचा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांकडे जाऊन १८६० मध्ये निजामाकडे परत आला, त्याच्याही नंतरचा? ऐंशी वर्षांचा, तीन पिढ्यांचा फरक एका आकड्याच्या वळणात अडकला आहे. घराणे गावात केव्हा स्थिरावले, ते त्यावर ठरते. पट्टीचे लाकूड कुठे गेले, कुणालाच माहीत नाही.

तेव्हा मंडळी, एक विनंती. वाड्यातल्या लग्नामुंजींत दरवाजासमोर उभे राहून कितीतरी फोटो निघाले आहेत. अल्बममधला फोटो नको, त्याची निगेटिव्ह शोधा. जुन्या चित्रफितीसारखी ती पेटीच्या तळाशी, बटर पेपरच्या पाकिटात असेल. निगेटिव्ह म्हणजे त्या काळची रॉच. आणि कुणी डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढले असतील तर मूळ फाईल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घालून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथे तो आणखी छाटला जातो. फोटो धूसर असला तरी चालेल. त्यावर कुणी हात मात्र फिरवू नका.